डाव्या हातातली पळी

हातप्रेसचं चाक थांबलं. प्रेसमास्तरनं चिमट्यानं ओलसर कागद पोलादी ठशावरून अलगद सोलून काढला, दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "घ्या, अक्षरबाई. तुमचं पहिलं लेकरू." तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि वाकून पाहिलं. टपालाच्या तिकिटाच्या चौकटीत आठशे वर्षांपूर्वीची ख्रिस्ती संत उभी होती. डोक्यावर जाडंभरडं फडकं, एका हातात वाडगा, दुसऱ्यात पळी. खालची अक्षरं सुलटी उमटली होती, किंमत सुलटी उमटली होती, किनारीची वेल जिथल्या तिथं होती. उलटी होती ती फक्त संत. मंजूर झालेल्या चित्रात पळी उजव्या हातात होती, इथं डाव्या. चित्रातली मान एका बाजूला कललेली, इथली दुसऱ्या. चार महिन्यांचं काम, आणि चूक अशी की नव्यानं कामाला लागलेल्या माणसानं केली असती तर सगळा छापखाना त्याला आठवडाभर हसला असता. पण खरं सांगायचं तर हे सगळं तिला नंतर दिसलं. आधी दिसली ती मावशी. नऊ वर्षांपूर्वी गेलेली मावशी तिकिटातून सरळ तिच्याकडं बघत होती, आणि "काय गं, आता काय दिवे लावलेस?" असा तोच भाव चेहऱ्यावर होता.

या छापखान्यात कोरणाऱ्यांच्या दोन जाती होत्या, आणि त्यांच्यात रोटीबेटीचा व्यवहार नव्हता. एक चेहरेवाले, दुसरे अक्षरवाले. राजे, शास्त्रज्ञ, कवी, उडते पक्षी हे सगळं चेहरेवाल्यांचं. नावं, आकडे, किनार, कोपऱ्यातली पानंफुलं अक्षरवाल्यांची. एका तिकिटावर दोघांचे हात फिरायचे, पण चेहरेवाल्यांचं टेबल खिडकीशी असायचं आणि अक्षरवाल्यांचं भिंतीशी. ती सव्वीस वर्षं भिंतीशी बसली होती. पोलादावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठं कागदावर ते सुलटं उतरतं. आणि उलटी अक्षरं तिच्या हाताला इतकी बसली होती की किराण्याच्या यादीवरही कधीकधी साखर उलटी पडायची आणि दुकानदार ती यादी आरशासमोर धरून तिला चिडवायचा. अक्षरबाई हे नाव तिला त्यातूनच चिकटलं. मग गेल्या वर्षी शेवटच्या चेहरेवाल्या मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि ते घरी बसले. विभागप्रमुख, ज्यांना सगळे त्यांच्या पाठीमागं मिलीमीटर म्हणत, म्हणाले की आता चेहरे कॉम्प्युटरवरच करून घेऊ, हातानं कोरायचे दिवस गेले. त्यावर अक्षरबाई जन्मात पहिल्यांदा त्यांच्या खोलीत न बोलावता गेली आणि म्हणाली, "एक मला द्या. नाही जमलं तर खुशाल कॉम्प्युटरला द्या." मिलीमीटरनी तिच्याकडं फूटपट्टी लावल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "एकच." तर ते एक आता ओल्या कागदावर असं उताणं पडलं होतं.

उताणं हाच शब्द बरोबर. चित्रावरून पारदर्शक कागदावर रेघा उतरवायच्या, ते ट्रेसिंग पोलादावर पालथं घालायचं, सुईनं रेघा दाबून गिरवायच्या, म्हणजे उलटी आकृती पोलादावर उमटते. ही गोष्ट इथं कोणी कोणाला शिकवतसुद्धा नाही. पाण्यात पडल्यावर हात हलवायचे हे शिकवतात का? अक्षरांना ट्रेसिंग लागत नसे, ती तिच्या बोटांतच होती. ट्रेसिंग फक्त चेहऱ्याला लागलं, आणि तिनं ते पालथं न घालता उताणं घातलं. प्रेसमास्तरनं एव्हाना टेबलावरचं मंजूर चित्र उचलून कागदाशेजारी धरलं होतं. मग हळूच दार लोटून आला आणि म्हणाला, "कोणाच्या बापाला कळणार नाही. साडेअकराला समिती बसेल, चहा पितील, छान छान म्हणतील, सह्या करतील. चित्र मी सरकवतो फायलीत तळाशी. तुम्ही फक्त गप्प राहा."

"आणि कळलं तर?"

"कळलं तर तोवर साठ लाख छापून झालेले असतील. साठ लाख माणसं चुकत नसतात."

ती हसली नाही. तिनं तो कागद सुकवायच्या पाटावर ठेवला, स्टूल ओढलं आणि समोर बसली. सव्वा दहा वाजले होते. खरं म्हणजे तिनं आता घाबरायला हवं होतं, आणि ती घाबरलीही होती. पण त्या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते काय आहे हे तिला कळेना. ती सहा वर्षांची असताना मावशीच्या घरी आली, एक पेटी आणि एक उशी घेऊन. मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. दोन खोल्या, एक खिडकी, आणि मावशी त्यात भोवऱ्यासारखी फिरायची. पोरीला आठवते ती मावशीची पाठ. चुलीपुढची पाठ, मोरीतली पाठ, दारातून बाहेर पडणारी पाठ. काही विचारलं तर उत्तर पाठीकडूनच यायचं: "मला काय चार तोंडं आहेत?" मावशी स्थिर उभी राहायची ती दिवसातून फक्त चार मिनिटं, सकाळी, कपाटाच्या आरशापुढं, पोरीला पुढ्यात उभी करून तिच्या वेण्या घालताना. "मान सरळ. सरळ म्हणजे सरळ, कोंबडीसारखी नको." केस असे ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. आणि त्या पाण्यातून पोर आरशात मावशीला बघायची. तिथंच बघायला मिळायचं. ते रुंद नाक, मिटलेले ओठ, तोंडात धरलेली फीत, आणि भुवई तोडून गेलेला तो पांढरा व्रण. वाफेच्या इस्त्रीचं झाकण लागलं होतं. कधी आरशातच नजरेला नजर भिडायची आणि मावशी तोंडातली फीत न काढता भुवया उडवायची, त्या तुटक्या भुवईसकट, की पोरीला रडता रडता हसू फुटायचं. अकरा वर्षं रोज चार मिनिटं. मावशीला फोटोचा तिटकारा. "माझं काय लग्न जमवायचंय?" घरात तिचा एकच फोटो, आणि त्यात ऐन वेळी मान फिरवलेली.

म्हणून मावशीचा चेहरा तिच्या मनात आरशातलाच होता. हे तिला आत्ता, बावन्नाव्या वर्षी, शाईच्या वासात बसून कळत होतं. व्रण डाव्या भुवईवर होता हे तिला ठाऊक होतं, तसं तर इस्पितळाच्या कागदांवर ओळखीची खूण म्हणून तिनंच लिहून दिलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तिला दिसायचा तो आरशातला. तसाच तिनं ट्रेसिंगवर काढला, आणि ट्रेसिंग पालथं घालायला गेली तेव्हा कागदातून दिसणारी बाई तिला परकी वाटली, कोणीतरी तिऱ्हाईत. तिनं कागद परत फिरवला. हं, आता बरोबर. एवढंच झालं होतं. हाताची सव्वीस वर्षांची सवय एका क्षणात मोडली आणि तिला पत्ताही लागला नाही. मग चार महिने ती त्या चेहऱ्याशी भिंगाखाली बसली, केसाएवढ्या रेघा, रेघांमध्ये ठिपके, गालाचा उतार, डोळ्यांखालची थकलेली कातडी. व्रण तर कोरावा लागलाच नाही. भुवईतल्या तीन रेघा गाळल्या, झालं. आणि आरशातली मावशी पोलादावरून कागदावर उतरताना अखेर फिरली आणि समोरून आली. समोरून तिनं मावशीला मन भरून पाहिलं होतं ते एकदाच, शेवटच्या दोन दिवसांत, खाटेशेजारी बसून, आणि तेव्हा मावशीचे डोळे मिटलेले होते. आज ते उघडे होते. भीतीच्या खालून जे वर येत होतं त्याचं नाव आनंद होतं, आणि अशा वेळी आनंद व्हावा याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो काही जाईना.

मावशी तिकिटात शिरली कशी, हाही एक किस्साच. समितीनं चित्रासोबत एक कागद दिला होता. संत कोणत्या मठातली, साथीच्या वर्षी गावाचे दरवाजे बंद झाले तेव्हा ही एकटी भिंतीबाहेर गेली, तिथं टाकलेल्या दोनशे आजाऱ्यांना रोज वाढत राहिली, मठाचं दार तिच्यामागं लागलं ते अकरा वर्षं उघडलं नाही. आणि शेवटी एक ओळ: चेहऱ्यावर दैवी शांती असावी. चित्रकारानं ती पुरेपूर घातली होती. इतकी शांती की चेहराच नव्हता. सोललेल्या अंड्यावर डोळे काढावेत तसं. पहिला आठवडा अक्षरबाई ते अंडं बघत बसली. दोनशे जणांना वाढणारी बाई. दैवी शांती दुपारपर्यंत तरी टिकेल का कोणाच्या चेहऱ्यावर? पाठ दुखत असणार, कोणी तिसऱ्यांदा मागत असणार, कोणी हातातच ओकत असणार. ती बाई कातावलेलीच असणार. कातावलेली असून दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारी. असा चेहरा अक्षरबाईला जगात एकच माहीत होता. ती चोरी नव्हती, निदान तिला तेव्हा तसं वाटलं नाही. तिनं फक्त जो माहीत होता तो चेहरा कोरला.

अकराला प्रेसमास्तर चहा घेऊन आला. "ठरलं ना? गप्प." ती कप हातात धरून बसली. गप्प बसणं तिला नवं नव्हतं, भिंतीशी बसून दुसरं काय केलं होतं? गप्प बसलं तर चेहरा छापला जाईल. बोललं तर ठसा मोडीत जाईल, तिकीट काढायची तारीख पुढं ढकलता येत नाही, काम कॉम्प्युटरकडं जाईल, आणि त्याच्यामागून सगळेच चेहरे जातील. हिशोब सरळ होता. पण छापलेल्या साठ लाख तिकिटांमागं ती लपून बसलेली असेल, कोणाला कळतंय का म्हणून कान टवकारून, आणि मावशी मात्र पुढं उघड्या डोळ्यांनी. ते चित्र तिला सहन होईना. मावशीनं एकदा मोठ्या डॉक्टरांचा कोट जाळला होता, पाठीवर इस्त्रीचा अख्खा तिकोना. बाकीच्या बायका म्हणाल्या, चिंध्यांत घाल, हरवला म्हण. मावशी तो कोट हातावर टाकून सरळ त्यांच्या खोलीत गेली. पोर शाळा सुटल्यावर तिथं आलेली, दाराबाहेर उभी होती, आणि आतून मावशीचा आवाज आला: "हा मी जाळला. बाकीचे चाळीस मीच पांढरे केलेत, तेही बघा." बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "काय म्हणाले?" "म्हणतात काय! चाळीस बघितले." अक्षरबाईनं चहा तसाच ठेवला, फायलीच्या तळातून मंजूर चित्र काढून वर ठेवलं आणि जिना चढायला लागली.

वर लांब टेबलाशी सात जण बसले होते. मधे मिलीमीटर, त्यांच्या उजवीकडं त्या संत बाईच्या मठातून आलेल्या थोरल्या मदर, वय ऐंशीच्या घरात, कानाला यंत्र. भिंग हातोहात फिरलं. मिलीमीटरनी चौकट मोजली, किनार मोजली, अक्षरांची उंची मोजली आणि समाधानानं मान हलवली. एक जण म्हणाला, डोळे जरा रागीट नाहीत का? दुसरा म्हणाला, छे, भारदस्त आहेत. तिसऱ्यानं विचारलं की भुवईत जागा राहिलीय ती छपाईतली का, आणि उत्तराची वाट न बघता बिस्किट उचललं. चित्र समोरच पडलं होतं आणि त्याच्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही. प्रेसमास्तर म्हणाला होता ते शब्दशः खरं होतं. मिलीमीटरनी पेनचं टोपण काढलं.

"सही करू नका," अक्षरबाई म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. "आधी चित्र शेजारी ठेवून बघा."

मिलीमीटरनी चित्र ओढून कागदाशेजारी धरलं. मग त्यांचा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला. "हे उलटं आहे."

"हो. ट्रेसिंग पालथं घालायचं ते मी उताणं घातलं. दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागलेला नाही."

"चार महिन्यांनी सांगताय? मग आता काय करायचं?"

"आता हे असंच छापायचं."

"कुठल्या तोंडानं म्हणता, बाई?"

"या," ती म्हणाली, आणि तिनं कागदावरच्या चेहऱ्याखाली बोट ठेवलं. "चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहा. पण बाकीचं सगळं भिंग लावून बघा. एक रेघ वाकडी असेल तर दाखवा. तुमच्या चित्रात तोंड होतं, पण माणूस नव्हता. यात आहे."

"कोण माणूस?"

इथं ती अडखळली असती. सव्वीस वर्षांत ती अशा जागी नेहमीच अडखळली होती. "माझी मावशी," ती म्हणाली. "इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. एकतीस वर्षं."

कोणीतरी खुदकन हसलं. कोणीतरी म्हणालं, म्हणजे संत म्हणून आपण कपडे धुणारी बाई छापायची? मिलीमीटर फाईल मिटायला लागले. तेव्हा थोरल्या मदरनी हात पुढं केला आणि भिंग मागून घेतलं. त्या पुष्कळ वेळ वाकून राहिल्या. "ही भुवईतली रेघ?" त्यांनी विचारलं.

"इस्त्रीचं झाकण लागलं होतं. दुपारी टाके घातले आणि संध्याकाळच्या पाळीला हजर."

"रागावली असेल."

"आम्हा सगळ्यांवर. झाकणावर सोडून."

मदर हसल्या, आणि हसताना कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, ते त्यांनी बोटानं दाबून गप्प केलं. "आमच्याकडं तिच्या हयातीतला कागद एकच आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं नंतरच्यांनी मायेनं रचलेलं. तो कागद म्हणजे तिच्याविरुद्धची तक्रार आहे. लिहिलंय की ही तोंडानं फटकळ आहे, मोठ्यांचं ऐकत नाही आणि मठाची नेलेली भांडी परत आणत नाही. दैवी शांती कोणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे." त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. "ही भांडी परत आणणारी दिसत नाही."

"पण मदर, पळी," मिलीमीटर काकुळतीला आले. "डाव्या हातात आहे."

"साहेब, तुम्ही कधी चाळीस माणसांना वाढलंय? मी रोज वाढते. निम्म्यात उजवा हात भरून येतो आणि पळी डाव्यात घ्यावी लागते. ही दोनशेंना वाढत होती." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सही कुठं करायची?"

त्यानंतर काय झालं ते अक्षरबाईला सलग आठवत नाही. खुर्च्या सरकल्या, बिस्किटवाल्यानं सही केली, रागीट डोळेवाल्यानं केली, मिलीमीटरनी सगळ्यात शेवटी केली आणि फायलीत लिहिलं, "आकृतीची बाजू समितीच्या संमतीने बदलली." बाहेरच्या बोळात त्यांनी मागून येऊन तिला गाठलं. घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या वेळी ट्रेसिंग पालथं घाला."

ती पुढं दोन पावलं गेली आणि थांबली. "पुढच्या वेळी?"

"तो खगोलशास्त्रज्ञ आहे ना. जूनमध्ये. मोठी दाढी आहे, तुम्हाला सोपं जाईल."

"दाढी सोपी नसते, साहेब. दाढीत सगळ्यात जास्त रेघा." ती चालायला लागली आणि पुन्हा वळली. "आणि मला खिडकीजवळचं टेबल लागेल." ते मागायचं तिनं ठरवलं नव्हतं, तेच तोंडातून निघालं. मिलीमीटरनी तिच्याकडं, मग बोळाच्या टोकाच्या खिडकीकडं पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "घ्या."

ती जिना उतरली, म्हणजे उतरली असावी. प्रेसमास्तर दारातच उभा होता. "राहिलात ना गप्प?"

"नाही."

"मग? बुडालं सगळं?"

"भट्टी पेटवा," ती म्हणाली. "पाणी द्यायचंय."

ठशाला पाणी देणं म्हणतात, पण बुडवतात तेलात. तोवर पोलाद मऊ असतं, कोणीही कोरणी घेऊन रेघ वाढवावी, कमी करावी. दुपारी दोनला प्रेसमास्तरनं लांब सांडशीनं ठसा भट्टीतून काढला तेव्हा तो पिकल्या आंब्यासारखा केशरी झाला होता आणि त्यात चेहरा वगैरे काही दिसत नव्हता. तेलात पडताच मोठ्यानं चरचरलं, धुराचा लोट उठला, दोघंही खोकत मागं सरली. मग सगळं शांत झालं. अक्षरबाईनं ठसा थंड झाल्यावर हातात घेतला, चिंधीनं काजळी पुसली, आणि मावशी हळूहळू वर आली. नाक, मिटलेले ओठ, थकलेले उघडे डोळे. तिनं सवयीनं कोरणी घेतली आणि टोक भुवईवर हलकेच टेकवून पाहिलं. टोक सरकलं, काचेवरून सरकावं तसं. ओरखडाही उठला नाही. ती मोठ्यानं हसली, इतक्या मोठ्यानं की भिंतीशी बसलेल्या अक्षरवाल्यांनी माना वर केल्या. त्या भुवईतल्या तीन रेघा भरून काढायची आता कोणाची छाती नव्हती.